सीटखालचा कागद

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचं छोटं गाव आहे. तिथे फ्रेड गिब यांचं शेवरले गाड्यांचं दुकान होतं. गाव लहान, गिऱ्हाईक बेताचं; पण गिब यांना ड्रॅग रेसिंगचं वेड होतं. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी शेजारी सुटायच्या, आधी पोहोचेल ती जिंकली, असा तो खेळ. त्यासाठी गिब यांना कमॅरो गाडीत ४२७ क्यूबिक इंचांचं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन हवं होतं. शर्यतीच्या नियमानुसार अशा किमान पन्नास गाड्या कारखान्यातून बाहेर पडणं भाग होतं. गिब यांनी सरळ पन्नासांची ऑर्डर दिली. शेवरलेमधले व्हिन्स पिगिन्स यांनी ती 'कोपो ९५६०' या क्रमांकाखाली मंजूर करून घेतली. १९६९च्या सुरुवातीला गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर बिलंही आली. एकेका गाडीची किंमत ७,२०० डॉलरच्या वर, त्यातले ४,१६० डॉलर एकट्या इंजिनाचे. साधी व्ही-८ कमॅरो तेव्हा पावणेतीन हजारांच्या आसपास मिळत होती.

गाड्या दुकानातच उभ्या राहिल्या. शेवटी जनरल मोटर्सने त्यातल्या बहुतेक परत घेऊन इतर डीलरांकडे पाठवल्या. गिब यांच्या पन्नास धरून अशा एकूण ६९ गाड्या बनल्या. 'झेडएल १' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कमॅरोंपैकी काहींना गेल्या काही वर्षांत लिलावात दहा लाख डॉलरच्या घरात किंमत आली आहे.

हे दहा लाख नेमके कशाचे? इंजिनाचे म्हणावेत, तर तसे ॲल्युमिनियमचे ब्लॉक पुढेही ओतले गेले आहेत. पत्र्याचे म्हणावेत, तर १९६९च्या कमॅरोचा अख्खा सांगाडा, दारं आणि मडगार्डांसकट, २००५च्या सुमारापासून नवाकोरा विकत मिळतो. सीटची कापडं, काचा, रबरी पट्ट्या, बोधचिन्हं, सगळं कॅटलॉगमध्ये आहे. हाताशी चांगला कारागीर असेल, तर झेडएल १ सारखी दिसणारी, तशीच पळणारी आणि तसाच आवाज करणारी गाडी दहा लाखांच्या कितीतरी कमी पैशांत उभी करता येते. तिला दहा लाख मात्र कुणी देणार नाही. दुरुस्त करून चकचकीत केलेल्या जुन्या मसल कारची, म्हणजे अशा दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीची, किंमत ठरते ती तिच्या जन्माच्या पुराव्यावर. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती कोण होती, हे सिद्ध करता आलं पाहिजे. साठ वर्षांपूर्वी ते नीट लिहून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती. म्हणून तो पुरावा शोधण्याचा, तपासण्याचा आणि वेळप्रसंगी बनावट तयार करण्याचा एक स्वतंत्र धंदाच पुढे उभा राहिला.

या गोंधळाची सुरुवात मसल कारच्या सुरुवातीतच आहे. १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. पाँटिॲक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल गी यांनी त्यातून वाट काढली. पाँटिॲकचं ३८९चं मोठं इंजिन बाहेरून ३२६च्या इंजिनाएवढंच होतं, त्याच माउंटिंगवर बसत होतं. नियम होता नव्या मॉडेलसाठी. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागून घ्यायच्या वस्तूंना, म्हणजे 'ऑप्शन'ला, तो लागू नव्हता. मग टेम्पेस्ट ल मान्स या सभ्य गाडीवर सुमारे ३०० डॉलरचा एक ऑप्शन जाहीर झाला. त्याचं नाव जीटीओ. हे नाव सरळ फेरारीच्या प्रसिद्ध गाडीवरून उचललेलं होतं. विक्री विभागाला पाच हजार गाड्याही खपतील याची खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी, १९६४ मध्ये, ३२,४५० गाड्या खपल्या.

नियमाला दिलेली ही बगल विक्रीच्या दृष्टीने फार हुशारीची ठरली, पण तिची झळ पुढच्या पिढीला बसली. जीटीओ हे मॉडेल नसून ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि १९६५च्या गाड्यांच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, जीटीओचा उल्लेखच नाही. क्रमांक वाचून एवढंच कळतं की ही ल मान्स आहे. तिच्यावर जीटीओची बोधचिन्हं कारखान्यात लागली की परवा कुणाच्या गॅरेजमध्ये, हे क्रमांक सांगत नाही. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिचे क्रमांक २४२ने सुरू व्हायला लागले. त्या वर्षापासूनच्या गाडीची निदान पहिली परीक्षा तरी सोपी झाली.

शेवरलेने हाच प्रवास उलटा केला. १९६६ ते १९६८ या काळातल्या शेवेल एसएस ३९६चा क्रमांक १३८ने सुरू होतो, ओळख पक्की. १९६९ मध्ये एसएस पुन्हा नुसता ऑप्शन झाला. तेव्हापासून १९७१पर्यंतच्या शेवेलच्या ओळख क्रमांकावरून ती एसएस आहे की साधी मालिबू, हे कळायची सोय उरली नाही. नेमक्या याच काळात, १९७० मध्ये, शेवरलेने ४५४ क्यूबिक इंचांचं 'एलएस ६' इंजिन काढलं. कागदावर त्याची ताकद ४५० अश्वशक्ती होती आणि अशी ४,४७५ इंजिनं गाड्यांमध्ये बसली. कुठल्या गाड्यांमध्ये, याची गाडीवार नोंद अमेरिकेतल्या शेवरलेकडे उरली नाही. मसल कारच्या बाजारात शेवेलच्या नकला एवढ्या का फिरतात, याचं उत्तर इथे आहे.

क्रायस्लरची गोष्ट वेगळी आणि पारख करणाऱ्याला थोडी दिलासा देणारी. १९६४च्या फेब्रुवारीत डेटोना ५०० शर्यतीत रिचर्ड पेटी यांच्या प्लिमथने पहिला क्रमांक पटकावला. दुसरा आणि तिसराही प्लिमथचाच. तिन्ही गाड्यांत ४२६ क्यूबिक इंचांचं 'हेमी' इंजिन होतं. अर्धगोलाकार ज्वलनकक्षामुळे त्याला ते नाव पडलं. हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीत मिळत नाही, तर शर्यतीत कसं चालेल, असा वाद झाला. क्रायस्लरने काही काळ शर्यतींकडे पाठ फिरवली आणि मग १९६६ मध्ये गिऱ्हाइकांसाठीही हेमी बाजारात आणलं. जाहीर ताकद ४२५ अश्वशक्ती होती, पण खरी त्याहून जास्त असल्याची चर्चा तेव्हापासूनच होती. क्रायस्लरने ओळख क्रमांकाचं पाचवं अक्षर इंजिनाला दिलं होतं. १९७०च्या प्लिमथ कुडाच्या क्रमांकात तिथे 'आर' असेल, तर ती हेमी घेऊनच जन्मली. 'व्ही' असेल, तर ४४०चं तीन कार्बोरेटरवालं इंजिन. एका अक्षरात लाखो डॉलरचा फरक.

प्लिमथ आणि डॉज ही नावं मुंबईकरांना मुळीच परकी नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लरच्या परवान्याखाली याच नावांच्या गाड्या जोडल्या जात होत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ या काळात शेवरले जोडत होता. पण मसल कारचं युग अमेरिकेत उगवलं, तोवर शिवडीचा कारखाना बंद झाला होता आणि कुर्ल्याला फियाट आली होती. त्यामुळे या गाड्यांचा इतिहास जवळजवळ सगळाच अमेरिकेच्या रस्त्यांवर घडला.

आणि तो फार थोड्या वर्षांत संपलाही. तरुण चालकांच्या जोरदार गाड्यांवर विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कडक कायदा आला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७२ मध्ये अश्वशक्ती मोजायची पद्धत बदलली आणि कागदावरचे आकडे एका रात्रीत घसरले. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७४च्या मोसमानंतर जीटीओ बंद झाली. गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल देणारी हेमी तेव्हा सेकंडहँड बाजारात ओझं होती. शिकणाऱ्या पोरांनी अशा गाड्या मिळेल त्या भावात घेतल्या, शर्यतीत पळवल्या, ठोकल्या, मोडल्या.

आजची अर्धी डोकेदुखी त्या दशकातली आहे. इंजिन फुटलं, तर वॉरंटीत दुसरं बसवलं जाई. गाडी सडली, पण इंजिन धडधाकट असलं, तर ते काढून शर्यतीच्या गाडीत जाई. यात कुणाला वावगं वाटण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडे आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असे दोन रकाने असतात आणि इंजिन बदललं की आरटीओत हेलपाटे घालावे लागतात. अमेरिकेतल्या मालकीच्या कागदावर इंजिनाचा नंबर नसतो, फक्त गाडीचा ओळख क्रमांक असतो. त्यामुळे हृदय बदललं तरी कायद्याच्या लेखी गाडी तीच. जन्माचं इंजिन अजून पोटात असलेली गाडी म्हणूनच दुर्मिळ झाली. 'नंबर मॅचिंग' हे तिचं बिरुद आजही विक्रीच्या जाहिरातीत सगळ्यात वर छापलं जातं.

नंबर जुळवण्याची रीत घडवली ती शेवरलेच्या कॉर्व्हेटवाल्यांनी. १९७३ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला कॉर्व्हेट मालकांचा मेळा सुरू झाला. पुढे 'ब्लूमिंग्टन गोल्ड' या प्रमाणपत्रासाठी तो गाजला. १९७४ मध्ये नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली. तोवर जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत जी जास्त चमकेल ती जिंकायची. या मंडळींनी मोजपट्टी बदलली. गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली, त्या रूपाच्या जवळ ती किती आहे, यावर गुण द्यायचे. परीक्षक हातात आरसा आणि विजेरी घेऊन गाडीखाली आडवे होऊ लागले. नळीचा कुठला क्लॅम्प कुठल्या वर्षीचा, कुठल्या बोल्टच्या डोक्यावर कुठल्या कारखान्याचं चिन्ह, याच्या याद्या बनल्या. हीच शिस्त १९८०च्या दशकात कमॅरो, शेवेल, चॅलेंजर, कुडा यांच्यापर्यंत पोहोचली. याच सुमारास या गाड्यांचे सुटे भाग नव्याने बनवून विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या.

पारखी माणूस शेवरलेच्या व्ही-८ इंजिनाकडे वळला की आधी बघतो ती उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढची सपाट पट्टी. त्या पट्टीवर इंजिन कुठे आणि कधी जोडलं, याची तारीख आणि कुठल्या प्रकारच्या गाडीसाठी ते बनलं, याची अक्षरं ठोकलेली असतात. उदाहरणार्थ, १९६९च्या झेड २८ कमॅरोच्या ३०२ इंजिनावर 'डीझेड'. शेजारी गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग. क्रायस्लरने क्रमांकाचा हा भाग १९६८पासून इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकायला सुरुवात केली. मग ब्लॉकच्या मागच्या अंगाला ओतकामाची तारीख बघायची. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९, कारण सी हे वर्षाच्या तिसऱ्या महिन्याचं अक्षर. आता गाडीच्या पत्र्याच्या टॅगवर बांधणीचा काळ मार्चचा पहिला आठवडा असेल, तर प्रश्न उघड आहे: इंजिन ओतायच्या आधी गाडी कशी तयार झाली?

असले हिशेब ज्याला येतात, त्याला ते चुकवायच्या युक्त्याही येतात. ब्लॉकची पट्टी यंत्रावर थोडी घासली की जुने आकडे जातात आणि नवे हवे तसे ठोकता येतात. पण कारखान्यात ती पट्टी ब्रोच नावाच्या यंत्रातून निघताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटत. घासलं की त्याही जातात. म्हणून अनुभवी तपासनीस आधी भिंग लावून रेघा बघतो, आकडे नंतर. मग रेघाही खोट्या ओढणारे निघाले. अंकांच्या ठशांचं वळण, ठोक्याची खोली, ओळ किती तिरपी, यावर वाद घालणारे तज्ज्ञ निघाले. इंजिनावर नव्याने आकडे ठोकणं हा या बाजारातला जुना आणि न मिटलेला वाद आहे. काही जण त्याला दुरुस्तीचाच भाग म्हणतात, काही जण सरळ फसवणूक. गाडीचा मूळ ओळख क्रमांक खरडणं, बदलणं किंवा काढून दुसरीकडे लावणं मात्र १९८४च्या कायद्याने अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही गंजून गेलेल्या हेमीची ओळख क्रमांकाची पट्टी साध्या गाडीवर चढवल्याची प्रकरणं घडतात. म्हणून डॅशबोर्डवरच्या क्रमांकाबरोबर पत्र्यात इतर जागी ठोकलेले आकडेही ताडून पाहिले जातात. त्या पट्टीचे रिवेट कारखान्याचे आहेत का, हेही बघितलं जातं.

लोखंड खोटं बोलू शकतं म्हटल्यावर मोर्चा कागदाकडे वळला. इथे डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्यांची दप्तरं तीन तऱ्हांची निघाली.

पाँटिॲकच्या १९६१पासूनच्या गाड्यांच्या विक्रीच्या नोंदी मायक्रोफिल्मवर टिकल्या. जिम मॅटिसन यांच्या पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्यांच्या प्रती मिळतात. १९६४च्या जीटीओचा सौदा आज या कागदाशिवाय पुढे सरकत नाही, कारण क्रमांक जे सांगत नाही ते हा कागद सांगतो. फोर्डच्या १९६७पासूनच्या नोंदींचे हक्क केव्हिन मार्टी यांनी मिळवले. त्यांच्याकडून येणाऱ्या 'मार्टी रिपोर्ट'मध्ये गाडीचा मूळ रंग, इंजिन, गिअरबॉक्स, तिच्यावरचे ऑप्शन आणि त्याच जोडणीच्या किती गाड्या बनल्या, एवढं सगळं येतं. फोर्डच्या बॉस ४२९ मस्टँगची बाबच निराळी. तिचं इंजिन एवढं रुंद होतं की नेहमीच्या असेंब्ली लाइनवर ते बसवता येईना. म्हणून १९६९ मध्ये ८५९ आणि १९७० मध्ये ४९९ मस्टँग मिशिगनमधल्या ब्रायटनला कार क्राफ्टच्या कारखान्यात पाठवून तिथे हे इंजिन बसवलं गेलं. दारावर 'केके'चा स्वतंत्र क्रमांक लागला. शेवरलेच्या बाबतीत कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्स कॅनडाने जपल्या. त्यामुळे सीमेपलीकडे विकली गेलेली शेवेल आज जास्त विश्वासाने विकत घेता येते. अमेरिकेत विकलेल्यांना ती सोय नाही.

क्रायस्लरकडे १९६७नंतरच्या गाड्यांच्या बांधणीच्या नोंदी उरल्याच नाहीत. मग हेमीवाल्यांनी गाड्याच उसवायला सुरुवात केली. असेंब्ली लाइनवर प्रत्येक गाडीसाठी टेलिटाइपवर एक तक्ता छापला जाई. कुठलं इंजिन, कुठला ॲक्सल, कुठल्या रंगाची सीट, हे सांकेतिक आकड्यांत लिहिलेलं. कामगाराने तो बघायचा, भाग बसवायचा आणि कागदाचं काम संपलं. टाकून द्यायचा तो कागद बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या वर अडकून गाडीबरोबरच कारखान्याबाहेर पडला. या 'ब्रॉडकास्ट शीट'ला तेव्हा रद्दीची किंमत होती. आता मागच्या सीटखालून उंदरांनी कुरतडलेला, चहाच्या रंगाचा झालेला असा तुकडा निघाला आणि त्यावरचा क्रमांक गाडीशी जुळला, तर गाडीची किंमत तिथल्या तिथे उडी मारते. शेवरलेचे असे तक्ते पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला चिकटलेले सापडतात. अर्थात, जुना दिसणारा कागद छापणंही अवघड नाही. क्रायस्लरच्या गाड्यांच्या बोनेटखाली मडगार्डवर असलेला सांकेतिक पत्राही नवा बनवून मिळतो. म्हणून कागदाचे छिद्रित काठ, टेलिटाइपच्या अक्षरांचं वळण आणि त्यावर पडलेल्या स्प्रिंगांच्या गंजाच्या खुणाही तपासायची वेळ आली.

एवढं झाल्यावर उरतो तो पत्रा. या गाड्या पंधरा-वीस वर्षं टिकाव्यात अशा बेतानेही बनल्या नव्हत्या. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मडगार्डांच्या पोकळीत, डिकीच्या फरशीत, पुढच्या काचेखालच्या खोबणीत शिरून लोखंड खातं. वरून लांबी भरून, घासून, रंग मारून सगळं झाकता येतं. म्हणून तपासनीस चुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन गाडीभोवती फिरतो. चुंबक धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. यंत्र कारखान्याच्या रंगाच्या कितीतरी पट जाडी दाखवतं, तिथे खाली काहीतरी दडलं आहे. जिना चढणारा माणूस पायरी आवाजावरून ओळखतो, तसं जुन्या हाताचा कारागीर बोटाच्या पेराने ठोकून पत्रा ओळखतो.

यातून एक मजेशीर विसंगती उभी राहिली. १९६९ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर लावत आणि क्रायस्लरच्या गाड्यांना इनॅमल. दोन्हींत संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राही, बोनेटच्या आत रंगाचे फवारे उडालेले असत, दारांच्या फटी कमीजास्त असत. आजचा कारागीर तीच गाडी बेसकोट-क्लिअरकोटने रंगवतो, फटी मिलिमीटरने मोजतो, खालचा सांगाडाही आरशासारखा करतो. गाडी कधी नव्हती एवढी सुंदर होते आणि कडक परीक्षक त्याचेच गुण कापतो. मग सगळ्यात महागड्या कारागिरांनी दुसरं टोक गाठलं. जुने फोटो बघून कामगारांनी खडूने केलेल्या खुणा, तपासणीनंतर लावलेले रंगाचे ठिपके, रंगाचे ओघळ आणि ओबडधोबड अंडरकोटिंग हे सगळं ते जसंच्या तसं पुन्हा करू लागले. घाईत झालेल्या चुकांची हुबेहूब नक्कल करण्याचे तास लावून पैसे घेतले जातात.

न दुरुस्त केलेल्या गाडीचा भाव वाढला, त्यामागेही हीच ओढ आहे. १९६८च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्विनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने मासिकातली जाहिरात वाचून ६,००० डॉलरला घेतली. तिच्यावरून रोजची ये-जा केली आणि नंतर ती झाकून ठेवून दिली. १९७७ मध्ये मॅक्विनने पत्र पाठवून ती परत मागितली. मालकांनी दाद दिली नाही. २०१८च्या जानेवारीत ती डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यावर डाग होते, गंज होता, चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवायला केलेल्या वेल्डिंगच्या खुणाही होत्या. कुणी त्या मिटवायचा विचारही केला नाही. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे मीकमच्या लिलावात हातोडा ३४ लाखांवर पडला. शुल्क धरून ३७ लाख ४० हजार डॉलर. चित्रीकरणातली दुसरी मस्टँग २०१७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा भागात भंगारात सापडली होती. तिचा बहुतेक भाग सडला होता. ओळख पटली ती क्रमांकावरून.

एवढ्या किमतींना पोहोचायच्या आधी बाजाराने दोनदा तोंड पोळून घेतलं होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संग्राहकांच्या गाड्यांचे भाव भडकले आणि १९९०नंतर कोसळले. पुढच्या दशकात ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा बॅरेट-जॅक्सन लिलाव टीव्हीवर थेट दिसू लागला. तरुणपणी ज्यांना हेमी परवडली नव्हती, ती पिढी आता पन्नाशीत आणि पैशात होती. १९७० मध्ये कुडामध्ये हेमी घ्यायला सुमारे ८७१ डॉलर जादा मोजावे लागत. म्हणून त्या वर्षी फक्त ६५२ हार्डटॉप आणि १४ उघड्या टपाच्या हेमी कुडा बनल्या. त्या चौदांपैकी एकीला २००६ मध्ये बॅरेट-जॅक्सनला २१ लाख ६० हजार डॉलर मिळाले. दोन वर्षांत आर्थिक मंदी आली आणि नकला, अर्धवट कागदांच्या गाड्या, घाईत रंगवलेल्या गाड्या सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त उतरल्या. नीट कागद असलेल्या दुर्मिळ गाड्यांनी तग धरला. २०१४ मध्ये सिॲटलला १९७१ची उघड्या टपाची हेमी कुडा ३५ लाख डॉलरला गेली. २०२१ मध्ये इंडियानापोलिसला तशाच दुसऱ्या गाडीची बोली ४८ लाखांवर थांबली. मालकाला ती कमी वाटली आणि गाडी विकली गेली नाही.

या टोकाच्या आकड्यांचा सर्वसाधारण गिऱ्हाइकाला फारसा उपयोग नाही. त्याच्यापुढे असते ती एखादी लाल शेवेल, नुकतीच पूर्ण दुरुस्त केलेली. तिच्यासाठी एक कोरडा हिशेब कामाला येतो. पत्र्यापासून सीटपर्यंत सगळी गाडी उसवून पुन्हा बांधायला चांगल्या गॅरेजला हजार-दीड हजार तास सहज लागतात. तासाला शंभर डॉलर धरले, तर एक-दीड लाख डॉलर नुसती मजुरी. सुटे भाग, इंजिन, क्रोम निराळं. अस्सल एलएस ६ असेल, तर हा खर्च किमतीत निघू शकतो. साधी मालिबू एसएस बनवलेली असेल, तर निघत नाही आणि तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. म्हणून प्रामाणिकपणे 'क्लोन' म्हणून विकली जाणारी गाडी ज्याला नुसती चालवायची आहे त्याला स्वस्त पडते. तीच गाडी अस्सल म्हणून विकायला काढली की फसवणूक होते. हॅगर्टीसारख्या विमा कंपनीच्या किंमत-पुस्तकात एकाच मॉडेलच्या स्थितीप्रमाणे चार पायऱ्या असतात, एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी आणि चार म्हणजे चालती पण उणिवा असलेली. मात्र कुठलीही पायरी लावण्याआधी गाडीची जात ठरावी लागते.

त्यामुळे अनुभवी गिऱ्हाईक विकणाऱ्याकडे आधी फोटोंचा संच मागतं. रंग काढल्यावर पत्रा कसा निघाला, कुठे नवा जोडला, इंजिनाची पट्टी घासायच्या आधी कशी होती, यांचे फोटो आणि बिलं. मग कारखान्याचा तक्ता, डीलरचं बिल, जुन्या मालकांची नावं. गाडी सुरू करून बघायची पाळी त्यानंतर येते. अलीकडे बाजारात आलेल्या तरुण गिऱ्हाइकांपैकी बरेच जण या सगळ्या फंदात पडतच नाहीत. ते जुन्या सांगाड्यात नवं इंजिन, डिस्क ब्रेक आणि एअर कंडिशनर बसवलेली 'रेस्टोमॉड' पसंत करतात आणि ती करायला कागद नसलेली, जन्माचं इंजिन हरवलेली गाडीच शोधतात. जुळणारे नंबर नसल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या शेवेल आणि कमॅरो आता त्यांच्याच गॅरेजकडे वळत आहेत.